मामंजींची अर्धी राहिलेली शिकारकथा

मामंजी,

तुमची गोष्ट जिथं थांबली होती तिथंच बरेच दिवस थांबून होती. बिबट्याच्या मादीनं झेप घेतली आहे, तुमच्या गोष्टीतल्या दिनकरनं चाप ओढला आहे, आणि तुम्ही "पुढचं उद्या" म्हणून खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठलात. त्या संध्याकाळी तुम्हाला नुसती कणकण होती. मग ताप चढला, मग छातीत कफ धरला, मग हॉस्पिटल. तिथं एकदा तोंडावरचा मास्क बाजूला करून तुम्ही मला विचारलंत, "सेव्ह केलंय ना?" मी म्हटलं, "हो." तुम्ही मान हलवलीत आणि मास्क परत लावून घेतलात. गोष्टीबद्दल आपलं तेवढंच शेवटचं बोलणं.

भेटायला येणारे सगळे एकच वाक्य घेऊन येतात. वाघासारखा माणूस गेला, म्हणतात. तुमचा मिलिंद मान डोलावतो, मी चहा टाकायला आत जाते. तुम्ही असतात तर विचारलं असतंत, "यांनी वाघ पाहिलाय का? अर्धा दिवस झोपतो तो." परवा सोसायटीच्या चेअरमननी तुमच्या फोटोला हात जोडून सांगितलं, की साहेबांना भीती कशी ती माहीतच नव्हती. तुम्ही भीतीबद्दल जेवढं मला सांगितलंत तेवढं कुणी कधी सांगितलं नव्हतं, पण ते चेअरमनना कशाला सांगू?

मी लग्न होऊन कोथरूडच्या या घरात आले तेव्हा हॉलच्या भिंतीवर गव्याची शिंगं होती. माझ्या माहेरी अंडंसुद्धा घरात येत नसे. पहिल्या पावसाळ्यात मी शाळेत शिकवून भिजत घरी आले आणि बाकी कुठं जागा दिसेना म्हणून छत्री त्या शिंगाला अडकवली. तुम्ही पेपरातून मान वर केलीत. "वसुधाबाई, तो गवा होता. खुंटी नव्हे." मीही तेव्हा नवी नवरी असून बोलून गेले, "मेल्यावर काहीतरी उपयोग नको का त्याचा?" सासूबाई स्वयंपाकघरात हसल्या, ते मला ऐकू आलं. तुम्हालाही आलं असणार, कारण तुम्ही पेपर तोंडासमोर धरलात तो बराच वेळ खाली घेतला नाहीत. पुढे कधीतरी ती शिंगं वनखात्याकडे देऊन आलात. का, ते सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही. भिंतीवरचा फिकट चौकोन मात्र रंग काढला तेव्हाच गेला.

तुमच्या शिकारकथा मी चोरून वाचल्या आहेत, हे तुम्हाला बहुधा माहीत होतं. पाटबंधारे खात्याच्या नोकरीत चांद्याकडच्या जंगलात तंबू ठोकून तुम्ही धरणांच्या जागा मोजत होतात आणि परवाना काढून शिकार करत होतात, त्या दिवसांच्या कथा. दर दिवाळीला कुठल्या ना कुठल्या अंकात एक यायची. प्रत्येकीत दिनकर नावाचा शिकारी, प्रत्येकीत जनावर अंगावर येणार, आणि दिनकर शेवटच्या क्षणी शांतपणे गोळी झाडणार. सासूबाईंनी एकही वाचली नाही. "मी तेव्हा तंबूत बसून वाट बघत होते," त्या म्हणायच्या. "आता पुन्हा कशाला वाट बघू?" शिकारबंदी आली आणि तुम्ही बंदूक सरकारजमा केलीत, त्या दिवशी त्यांनी शिरा केला होता म्हणे.

मग सासूबाई गेल्या, आणि काही वर्षांनी तुमचे डोळे गेले. पूर्ण गेले नाहीत. समोरचं नाहीसं झालं आणि कडेचं राहिलं. माणसाशी बोलताना तुम्ही मान वळवून खिडकीकडे पाहायचात, म्हणजे तो कडेनं तुम्हाला दिसायचा. नवख्याला वाटायचं म्हातारा तुसडा आहे. मला ठाऊक होतं की तुम्ही खिडकीकडे पाहता तेव्हा नीट माझ्याकडे पाहत असता.

लिहिणं सुटलं तसे तुम्ही चिडचिडे झालात. मिलिंदनं बोललेलं टाइप करणारं काहीतरी मोबाईलवर आणून दिलं. तुम्ही त्याला "गव्यानं फुत्कार टाकला" असं सांगितलंत आणि त्यानं "गावानं पुरस्कार टाकला" असं लिहिलं. त्यानंतर तो मोबाईल तुम्ही हातात धरला नाहीत. गेल्या दिवाळीनंतर मीच म्हटलं, "मला सांगा. मी लॅपटॉपवर उतरवून घेते."

"तुला शुद्धलेखन येतं का? गणिताच्या बाई तुम्ही."

"तुम्ही सांगा तर."

"मध्ये बोलायचं नाही."

"बरं."

तुम्हालाही माहीत होतं की ते मला जमणार नाही.

दुपारची जेवणं झाली की आपण गॅलरीत बसायचो. तुम्ही आधी गवा घेतलात. मी तुमच्या छापलेल्या गोष्टीत तो वाचला होता. जखमी गवा बांबूच्या बनात शिरतो, दिनकर रक्ताच्या मागावर जातो, गवा समोरून येतो आणि दिनकर त्याला लोळवतो. आता तुम्ही सांगू लागलात तो गवा वेगळा होता. जखमी गवा पळत सुटत नाही, म्हणालात. तो वळसा घालून मागं येतो आणि स्वतःच्याच मागाशेजारी उभा राहतो, कारण मागावरून कोण येणार हे त्याला कळलेलं असतं. दिनकर खाली रक्त बघत चालला होता आणि गवा बाजूच्या बेटात हातभर अंतरावर उभा होता. आधी त्याला श्वास ऐकू आला. लोहाराच्या भात्यासारखा, आत ओला. मग बेट फुटलं. दिनकरनं चाप ओढला आणि काडतूस फुसकं निघालं, पावसात भिजलेलं. शिंग मांडीतून आरपार गेलं नाही एवढंच. दिनकर बांबूच्या बुंध्यांत अडकला, गवा वरून रेटत राहिला, बांबू वाकत राहिले, आणि मग त्या जनावराचे पुढचे गुडघे टेकले. आधीच्या गोळीनं आत काम केलं होतं. गवा त्याच्या पायांवर मान टाकून मेला, आणि माणसं येईपर्यंत दिनकर त्या मानेखाली पाय अडकून पडून होता.

"आणि तो ओरडत होता," तुम्ही म्हणालात. "लिही. आई आई करून ओरडत होता."

मी टाइप करायची थांबले. "मामंजी, आधीच्या गोष्टीत असं नव्हतं."

"आधी मला दिसत होतं," तुम्ही म्हणालात. "छापलेलं वाचून बघता येत होतं. लाज वाटायची. आता काय, तूच वाचणार."

मग आपण मादीवर आलो. ती गोष्ट तुम्ही कधीच कुठल्या अंकाला दिली नव्हती. धरणाच्या मजुरांच्या वस्तीवरच्या शेळ्या एक बिबट्याची मादी उचलत होती. मजुरांनी साहेबाला गळ घातली. दिवस मावळताना झाडावर बसून झाडलेली गोळी तिच्या मागच्या पायाला लागली. जखमी जनावर तसंच सोडायचं नाही हा नियम, म्हणून सकाळी तुम्ही एकटे करवंदीच्या जाळ्यांत शिरलात. तीही गव्यासारखीच वाट बघत होती. झेपेत असतानाच गोळी लागली, पण अंगाचा वेग थोडाच थांबतो? ती तुमच्यावर येऊन पडली आणि तुम्ही उताणे. शर्ट भिजला. गरम रक्त आहे हे कळत होतं, पण नुसतं रक्त नव्हतं. बोटांना चिकट, पातळ, वेगळंच काही लागलं. वास आला.

"दूध," तुम्ही म्हणालात.

गॅलरीखाली कुणी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होईना. तुम्ही खिडकीकडे, म्हणजे माझ्याकडे, पाहत होतात.

"पिल्लं?" मी विचारलं.

"शोधली. सगळ्या जाळ्या पालथ्या घातल्या. खात्याचं काम सोडून फिरलो. त्या वयाची पिल्लं आवाज करत नाहीत, आई येईपर्यंत गप्प पडून राहतात. ती गप्प राहिली." मग जरा वेळानं, "तुझ्या सासूबाईंना शर्ट धुवायला दिला. त्यांनी विचारलं नाही कसला डाग म्हणून. त्यांना कळला असणार. मिलिंद तेव्हा अंगावर पीत होता."

त्या दिवशी आपण पुढे लिहिलं नाही. हे तुम्ही नुसतं मला सांगितलं होतंत, उतरवायला नव्हे. मला तेव्हा तसं वाटलं.

आणि त्याच थंडीत दत्तूभाऊजींचा लोणी काळभोरहून फोन आला. तुमचा पुतण्या, एरवी सणावारालाच फोन करणारा. स्पीकरवर त्यांचा आवाज घरभर घुमला. "काका, आपल्या उसात बिबट्या हाय. वासरू नेलं माझं. लोकं म्हणत्यात काय तरी घालून मारू. तुम्ही या. तुमच्याशिवाय कुणाला कळतंय त्यातलं?"

"मला दिसत नाही, दत्तू."

"या तरी."

तुम्ही फोन ठेवलात आणि स्वेटर मागितलात. मिलिंद ऑफिसला गेला होता. तो असता तर त्यानं तुम्हाला सोडलंच नसतं आणि मलाही नसतं. मी गाडी काढली. हडपसरच्या गर्दीत तुम्ही एकदाच बोललात, "वासरू नेलं म्हणजे लांब जायची सोय नाही तिला. जवळ काहीतरी असणार." तेव्हाच तुमच्या मनात काय आहे ते मला कळलं.

सकाळचं ऊन उसाच्या तुऱ्यांवर होतं. तोडणीवाले फडाच्या पलीकडच्या टोकाला कोयते घेऊन बसले होते, आत शिरायला तयार नव्हते. दत्तूभाऊजी पाण्याच्या मोटारीच्या खोलीपाशी थांबले, कारण वनखात्याचा फोन लागत नव्हता आणि रेंज तिथंच येत होती. तुम्ही काठी टेकत बांधावर निघालात आणि मी तुमचा दंड धरून. पाटाच्या ओल्या मातीत ठसा होता.

"सांग," तुम्ही म्हणालात.

"चार बोटं. मागे गादी."

"नखं उमटलीत?"

"नाही."

"मग कुत्रं नव्हे. शेजारी बारीक ठसे आहेत का?"

मी वाकून पाहिलं. होते. माझ्या मुठीएवढेही नव्हते. "आहेत," मी म्हटलं, आणि मान वर केली तर ती समोर उभी होती.

मामंजी, ते तुम्हाला कधी नीट सांगताच आलं नाही, कारण तुम्ही लगेच तांत्रिक प्रश्न विचारायचात. ती आपल्या हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत असेल एवढ्या अंतरावर उसातून अर्धी बाहेर आली होती. इतकी शांत होती की ती आत्ता आली की आधीपासून होती ते कळेना. तिचे खांदे मला दिसत होते, कातडीखाली काहीतरी सरकत होतं. तुमच्या दंडावरची माझी बोटं आवळली आणि तुम्हाला तेवढ्यानं कळलं.

"कुठं?" अगदी हळू.

"समोर."

"कान?"

"मागे दुमडलेत."

"शेपटी?"

"टोक हलतंय."

"पळायचं नाही. बसायचं नाही. डोळ्यांत बघू नकोस, पायांकडे बघ. पोरी, ऐकतेस ना?"

सत्तावीस वर्षांत तुम्ही मला पोरी म्हणालात ते तेव्हा एकदाच.

मग तुम्ही माझ्या आणि तिच्या मध्ये आलात. आणि तुमची काठी वर गेली. मी पाहिलं. काठीची मूठ खांद्याला लागली, डावा हात पुढे सरकला, गाल मुठीवर टेकला. तुम्हाला समोरचं काही दिसत नव्हतं, पण तुमचे हात कुठं रोखायचं ते विसरले नव्हते. ती एकदा गुरगुरली.

तेवढ्यात तिच्या मागे उसाच्या वाळल्या पाचटात काहीतरी हललं. "मामंजी, पिल्लू आहे," मी म्हटलं. "दोन आहेत."

काठी खाली आली. लगेच नाही. आधी गाल उचललात, मग खांद्यावरून मूठ सुटली, मग टोक मातीला टेकलं. आणि तुम्ही ऑफिसात लोकांशी बोलायचात त्या आवाजात तिच्याशी बोललात. "निघालो आहोत बाई आम्ही. तुझं चालू दे." एक पाय मागं, मग दुसरा. मी मागं, तुम्ही माझ्या पुढे, उलट्या पावली. ती तशीच उभी होती. पाटाच्या वळणावर आलो तेव्हा ती जागेवर नव्हती, नुसता ऊस हलत होता.

दत्तूभाऊजी धावत आले. "दिसली का?"

"हिला दिसली," तुम्ही म्हणालात. "आत पिल्लं आहेत. हा कोपरा तोडायचा नाही."

"काका, तोडणीवाले आज गेले तर परत कधी येतील देव जाणे. ऊस वाळंल."

"वाळू दे. विष घातलंस तर मी स्वतः पोलिसात जाऊन तुझं नाव सांगेन. आंधळा आहे, पण नाव नीट सांगता येतं मला."

दत्तूभाऊजी रागावले, चहासुद्धा विचारला नाही. पण वनखात्याची माणसं येईपर्यंत त्यांनी तोडणीवाल्यांना दुसऱ्या फडात नेलं. कोपरा राहिला. थोड्या दिवसांनी तिनं पिल्लं कुठंतरी हलवली आणि मग ऊस तोडला गेला. वासराची भरपाईही नंतर खात्याकडून मिळाली. भाऊजी तुमच्या मयतीला आले तेव्हा मिलिंदच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होते. म्हणत होते, "माणूस लई ताठ. पण माझ्या रानात उभा राहून बोलला."

परत येताना मी गाडी चालवत होते आणि मला फार आनंद झाला होता. मला वाटत होतं की आता गोष्टीला शेवट सापडला. दिनकर म्हातारा होतो, त्याच्यासमोर दुसरी मादी येते, आणि तो बंदूक खाली घेतो. मी घरी पोचायच्या आत तो मनात लिहूनसुद्धा टाकला होता.

दुसऱ्या दुपारी तुम्ही गॅलरीत येऊन बसलात आणि सांगू लागलात. करवंदीच्या जाळ्या, जखमी पाय, वाट बघणारी मादी. "आणि शेवटी दूध येईल," म्हणालात. "तिथं संपेल गोष्ट."

"आणि लोणी काळभोरचं?"

"लोणीचं काय?"

"ते नाही घ्यायचं? मामंजी, काल जे झालं..."

"काल गोष्ट घडलेली नाही. काल आपण उसातून चालत बाहेर आलो."

मी मध्ये बोलायचं नाही हे विसरले. म्हटलं, नुसतं दूध लिहिलंत तर वाचणारे तुम्हाला क्षमा करणार नाहीत. तुम्ही म्हणालात, क्षमा मागायला मी गोष्ट सांगत नाही. मी म्हटलं, पण तुम्ही बदललात हे खरं आहे ना, मग ते लिहायला काय हरकत आहे? तुम्ही म्हणालात, गणिताच्या बाई, गोष्टीचं उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर नसतं. मी रागावले. तुम्हीही. मग मी ते बोलले.

"मी पाहिलंय. तुम्ही काठी रोखलीत आणि पिल्लं आहेत म्हटल्यावर खाली घेतलीत."

तुम्ही खिडकीकडे मान वळवलीत. मग म्हणालात, "ती काठी होती, वसुधा. काठी खाली घ्यायला काय लागतं? हातात बंदूक असती, डोळे असते, ती झेपेच्या तयारीत असती आणि मागे तू असतीस. मी काय केलं असतं? तुला ठाऊक आहे?"

"हो."

"मला ठाऊक नाही. आणि ज्याला ठाऊक नाही त्यानं तसा शेवट लिहायचा नसतो. एकीला सोडली म्हणून मला संत करू नकोस. जिला मारली तिनं काय करायचं मग?"

मी लॅपटॉप जोरात मिटला आणि आत गेले. त्यानंतर आपण कितीतरी महिने गोष्टीचं नाव काढलं नाही. औषधं वेळेवर दिली, पेपर वाचून दाखवला, तुम्हाला नावडती दुधी भोपळ्याची भाजी लागोपाठ केली. तुम्ही निमूटपणे खाल्लीत. मिलिंद म्हणाला, "तुमच्या दोघांचं काय चाललंय?" आपण दोघंही एकदमच "काही नाही" म्हणालो.

पाऊस सुरू झाल्यावर तुम्हीच एका दुपारी गॅलरीत येऊन बसलात. "तुला हवं तर लिहू नकोस," म्हणालात. "पण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही मला." मी लॅपटॉप आणला. जाळ्यांतून तुम्ही दिनकरला इतक्या हळू आत नेलंत की दर दुपारी चार-पाच ओळीच व्हायच्या. पाचोळ्यावर पाय कसा ठेवायचा, तोंडाला कोरड पडली की जीभ टाळ्याला कशी चिकटते, उजव्या हाताला कापरं भरतं तेव्हा डावा हात कसा वेगळ्याच माणसाचा असल्यासारखा स्थिर राहतो. तुम्ही ते सांगताना गॅलरीच्या कठड्याला धरून बसायचात. मला तुमच्या कपाळावरचा घाम दिसायचा. एवढी वर्षं झाली, तरी तुम्ही दर वेळी त्या जाळ्यांत खरोखरच शिरत होतात. आणि मी मूर्ख, तुम्हाला विचारत होते की गोड शेवट का नको.

मादीनं झेप घेतली, तुम्ही "पुढचं उद्या" म्हणालात, आणि अंगात कणकण घेऊन कुशीवर वळून झोपलात; ते पुढचं राहूनच गेलं.

तुम्ही गेल्यावर मी तो शेवट लिहिला. तुम्ही उतरवायला सांगितलं नव्हतं तेव्हा जे सांगितलं होतंत, त्याच शब्दांत. उताणा पडलेला दिनकर, भिजलेला शर्ट, बोटांना लागलेलं ते वेगळंच काही, वास. दूध. एक शब्द जास्त घातला नाही. लोणी घातलं नाही. लिहून झाल्यावर मी तो तुमच्या रिकाम्या खुर्चीला मोठ्यानं वाचून दाखवला नाही, असलं काही मी करत नाही हे तुम्हाला माहीत आहे. फाइल बंद केली आणि अंकाला पाठवून दिली.

काल संपादिकाबाईंचा फोन आला. चांगल्या आहेत, तुमच्या कथा बऱ्याच वर्षांपासून छापतात. आधी तुमच्याबद्दल बोलल्या. मग जरा चाचरत म्हणाल्या, "कथा जबरदस्त आहे हो. पण शेवट फार अंगावर येतो. दिवाळी अंक आहे, घरात सगळे वाचतात. पुढे काही जोडता येईल का? म्हणजे त्याला पस्तावा होतो, पुढे कधीतरी तो एखादं जनावर सोडून देतो... असं काही त्यांनी सांगितलं होतं का तुम्हाला?"

माझ्यासमोर ते अख्खं उभं होतं, मामंजी. ऊस, काठी, पाचटात हललेलं पिल्लू. हेच मी तुमच्याशी भांडून मागत होते. आता कुणीतरी ते आपणहून हातात देत होतं आणि मला नाही म्हणणारंही कुणी नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "शेवट तोच आहे."

"पण वाचकांना वाटेल की ते शेवटपर्यंत..."

"वाटू दे. एकीला सोडली म्हणून माणूस संत होत नाही. जिला मारली तिनं काय करायचं मग?"

पलीकडून त्या हळूच म्हणाल्या, "बरं. आहे तसा छापते." मी आभार मानले, फोन ठेवला, आणि गॅलरीत जाऊन रडले. तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा एवढी रडले नव्हते. तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांचं बघायचं होतं.

लोणीचं मी इथं लिहिलंय. इथं तुम्ही मला अडवू शकत नाही. मी तुमच्या मागे उभी होते, मामंजी, आणि मला दोन्ही डोळ्यांनी दिसत होतं. तुम्हाला ठाऊक नव्हतं तुम्ही काय केलं असतंत. मला आहे. पण हे मी म्हटलं की लगेच तुमचं उत्तरही मला ऐकू येतं, त्याच कोरड्या आवाजात, आणि तेही खरंच वाटतं. आपलं भांडण मिटलेलं नाही. आता फक्त दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं.

तुमची,
वसुधा